पाटी पुसा, मग उत्तर सांगा

(मंडळाच्या गणेशोत्सवात विद्यार्थी व पालकांसाठी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या या व्यासपीठावर मोठमोठ्या विद्वानांची व्याख्यानं होतात. आम्ही काही विद्वान नाही. पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला आणि राज्य शासनाच्या नोकरीत लागलो, त्याला वीस वर्षं होऊन गेली. यंदा कार्यकारिणीने सांगितलं, "आजकाल मुलं शाळेत पायथॉन शिकतात. तुम्ही ऑफिसात त्यावर काम करता, तर दोन शब्द बोला." ते खरंही आहे. सीबीएसईच्या अकरावी-बारावीला कॉम्प्युटर सायन्सच्या विषयात पायथॉन आहे, त्यामुळे इथल्या निम्म्या घरांत तरी हा शब्द ऐकू येत असेल. म्हणून आम्ही हो म्हटलं. पायथॉन कसं शिकावं, हे आम्ही सांगणार नाही. त्याला तुमचे मास्तर आहेत. आमच्या हातून एक चूक झाली होती आणि ती कशी सापडली, तेवढंच सांगणार आहोत.

आमच्या कार्यालयात आम्ही तिघं डिप्लोमावाले. आमच्या शिक्षणाच्या काळात फॉक्सप्रो होतं. नंतर सगळं काम एक्सेलवर आलं. फाइली फुगत गेल्या आणि कॉम्प्युटर गोल गोल फिरत बसू लागला. तेव्हा आम्ही सुटीनंतर थांबून पायथॉन शिकलो. ही भाषा ग्विडो व्हॅन रॉसम या डच गृहस्थांनी बनवली आणि १९९१ साली लोकांसमोर आणली. नाव सापावरून पडलं असं पुष्कळांना वाटतं, पण ते बीबीसीच्या 'मॉन्टी पायथॉन' या विनोदी कार्यक्रमावरून ठेवलेलं आहे. भाषा फुकट मिळते, म्हणजे मंजुरीसाठी फाइल वर पाठवावी लागत नाही. आम्हाला हे फार बरं वाटलं!

आणखी एक गंमत सांगतो. पायथॉन ३ मध्ये नावं देवनागरीतही देता येतात. 'रक्कम', 'महिना', 'मूळ' अशी नावं लिहिली तर चालतात. आकडे मात्र इंग्रजी अंकांत टाइप करावे लागतात. इथे स्मरणिकेत ते मराठी अंकांत छापले आहेत, तेवढं सांभाळून घ्या.

आता मुद्द्यावर येऊ. पायथॉनमध्ये काम करायच्या दोन रीती आहेत. पहिलीत सगळा कार्यक्रम फाइलमध्ये लिहायचा आणि एकदम चालवायचा. या फाइलला स्क्रिप्ट म्हणतात. दुसरी रीत म्हणजे गप्पा मारल्यासारखं काम. तुम्ही एक ओळ लिहा, ते लगेच उत्तर देतं. पुढची ओळ लिहा, पुन्हा उत्तर. पडद्यावर तीन बाणांची खूण दिसते, ती म्हणजे "बोला, काय करू?" असं विचारणं. या चालू बैठकीला सेशन म्हणतात. ज्युपिटर नावाची जी वही शाळा-कॉलेजात वापरतात, तिच्यात हीच रीत आहे. छोट्या छोट्या चौकटी असतात, त्यांना सेल म्हणतात, आणि हवी ती चौकट हवी तेव्हा चालवता येते.

ही दुसरी रीत फार सोयीची आहे. पण ती पाटीसारखी आहे, हे लक्षात ठेवा. आपण लहानपणी पाटीवर गणित करायचो. एक पुसलं की दुसरं. घाईत नीट पुसलं नाही, तर कोपऱ्यात आधीच्या गणिताचा एखादा आकडा राहायचा आणि तो नव्या बेरजेत मिसळायचा. सेशनचंही तसंच. एकदा एखाद्या नावाला किंमत दिली की सेशन बंद होईपर्यंत ती लक्षात ठेवली जाते. ती ओळ तुम्ही पडद्यावरून खोडली तरी किंमत आत राहते.

आता आमची गोष्ट. आमच्याकडे काही निवृत्त कर्मचाऱ्यांच्या राहून गेलेल्या वेतनवाढीच्या फरकाचं काम आलं. ज्यांची वाढ जुलैत लागते, त्यांच्या मूळ वेतनात ३ टक्के वाढ धरायची आणि वर्षाचा फरक काढायचा. भत्ते बाजूला ठेवू आणि समजायला गोल आकडे घेऊ. मूळ २०,००० असेल तर वाढीनंतर २०,६००. महिन्याचा फरक ६००, बारा महिन्यांचा ७,२००. पाचवीतलं गणित!

आम्ही ज्युपिटरमध्ये बसून ते तासाभरात केलं, यादी छापली आणि तपासणीला ठेवली. पैसे निघायला चार दिवस होते. दुसऱ्या दिवशी भृत्य पदावरून निवृत्त झालेल्या एक बाई आल्या. त्यांनी यादीत आपलं नाव शोधलं, आकडा पाहिला आणि पिशवीतून एक लग्नपत्रिका काढली. पत्रिकेच्या पाठीवर त्यांनी पेन्सिलीने स्वतःचा हिशेब मांडला होता. त्यात ७,२०० होते. आमच्या यादीत १४,६१६ होते.

कुणी म्हणेल, जास्त मिळतायत, घ्यावे. पण बाई आम्हाला म्हणाल्या, "साहब, ज्यादा मत दो. बाद में काटोगे तो पेन्शन में से काटोगे."

आम्ही तिघंही गप्प झालो. त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. चुकून जास्त गेलेली रक्कम पुढे कधीतरी तपासणीत निघू शकते आणि मग वसुली लागू शकते. चूक आमची आणि दरमहा कात्री त्या माउलीच्या पेन्शनला. आम्ही त्यांना बसवलं, चहा मागवला आणि कॉम्प्युटरकडे वळलो.

आधी चौकटीतली ओळ वाचली. ओळीत लिहिलं होतं: मूळ = मूळ * १.०३. यात चूक दिसेना. मग सेशनलाच विचारलं, बाईंचं मूळ किती? उत्तर आलं २१,२१८. म्हणजे २०,००० वर ३ टक्के वाढ एकदा नव्हे, दोनदा लागली होती. महिन्याचा फरक १,२१८ आणि त्याचे बारा पट १४,६१६. आकड्याचा उगम सापडला. पण ओळ तर एकदाच लिहिलेली होती!

मग आठवलं. आदल्या दिवशी ती चौकट चालवली तेव्हा वाढीची ओळ झाली आणि तिच्या पुढच्या ओळीत आमच्या टायपिंगची चूक निघाली. लाल अक्षरांत निरोप आला. आम्ही स्पेलिंग सुधारलं आणि पूर्ण चौकट पुन्हा चालवली. पण पहिल्या खेपेला लागलेली वाढ काही मागे गेली नव्हती. ती पाटीवर तशीच होती. तिच्यावरच दुसरी वाढ लागली. जुलैवाल्या सगळ्यांचंच असं झालं होतं, आणि ताडून पाहायला जुनी यादी नसल्यामुळे कुणाला शंका आली नाही.

ज्युपिटरने आम्हाला खूण दिलीही होती. प्रत्येक चौकटीच्या डाव्या बाजूला चौकोनी कंसात आकडा येतो. ती चौकट कितव्या क्रमाने चाललीय, ते तो सांगतो. वरून खाली १, २, ३, ४ असा सरळ क्रम असेल तर ठीक. मध्येच ९, मग ५, मग १२ असे आकडे दिसले, तर समजा की काम वरून खाली झालेलं नाही. मुलांनो, ते आकडे शोभेचे नाहीत. ते वाचत जा.

कारण कळल्यावर आम्ही सेशन रीस्टार्ट केलं, म्हणजे पाटी पूर्ण पुसली, आणि पहिल्या चौकटीपासून सगळं ओळीने चालवलं. ज्युपिटरच्या मेनूत 'रीस्टार्ट कर्नल अँड रन ऑल सेल्स' अशी सोयच आहे. यादी नवी झाली. बहुतेकांचे आकडे बरोबर आले. पण बाईंच्या नावासमोर काय आलं? शून्य! आणि त्यांच्याबरोबर आणखी दहा जणांसमोर शून्य.

आमच्यातला एक सहकारी वैतागला. म्हणाला, "काल निदान काहीतरी येत होतं. रीस्टार्ट करून तुम्ही बिघडवलंत." खरं सांगतो, त्या क्षणी आम्हालाही तसंच वाटलं. पुष्कळांना वाटतं. म्हणून लोक आठ-आठ दिवस सेशन बंद करत नाहीत, कॉम्प्युटर झोपवून घरी जातात. चालतंय ना, मग हात कशाला लावा? आज आम्ही जे सांगायला आलोय ते इथेच आहे. रीसेट काही बिघडवत नाही. आधीपासून जे बिघडलेलं असतं, ते रीसेट केल्यावर दिसतं.

आता हे शून्य कुठून आलं, ते शोधायचं होतं. नुसतं पाहत बसून ते कळत नाही. तिथे डीबगिंग लागतं. कॉम्प्युटरच्या चुकीला बग, म्हणजे किडा, म्हणतात, आणि किडा काढणं ते डीबगिंग. शब्द जुना आहे. पण १९४७ साली हार्वर्डच्या मार्क टू या यंत्रात खरोखरच एक पतंग सापडला होता आणि तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. आमचा किडा तेवढा सरळ हाती येणारा नव्हता.

आम्ही सगळं काम स्क्रिप्टच्या फाइलमध्ये उतरवलं. मग जिथे एकेका माणसाचा हिशेब होतो, तिथे एक शब्द लिहिला: ब्रेकपॉइंट आणि पुढे रिकामा कंस. पायथॉन ३.७ पासून ही सोय भाषेतच आहे. कार्यक्रम चालत चालत त्या ओळीशी आला की थांबतो आणि तुमची वाट पाहतो. चालत्या बसमधून गाव नीट दिसत नाही. बस थांबवून उतरायचं आणि आजूबाजूला पाहायचं, तसं हे. शेकडो नावांत दर वेळी थांबायला नको, म्हणून अट घातली, की बाईंचा अनुक्रमांक आला तरच थांब.

थांबल्यावर काय करायचं? एकेका अक्षराच्या आज्ञा आहेत. 'एन' दिलं की पुढची एक ओळ चालते. 'एस' दिलं की त्या ओळीत बोलावलेल्या फंक्शनच्या आत शिरता येतं. 'डब्ल्यू' दिलं की आपण कुठून कुठे आलो ते कळतं. 'एल'ने आसपासच्या ओळी दिसतात, 'सी'ने कार्यक्रम पुढे धावू लागतो आणि 'क्यू'ने बाहेर पडता येतं. सगळ्यात उपयोगाचं अक्षर 'पी'. पी लिहून पुढे नाव दिलं की त्या क्षणी त्या नावात काय आहे ते दाखवतं. एवढ्यासाठीच आपल्या नावांना एन किंवा सी अशी एकाक्षरी नावं ठेवू नका. डीबगर त्यांना आज्ञा समजतो.

आम्ही 'पी महिना' असं विचारलं. उत्तर अवतरणचिन्हांत आलं: 'जुलै '. पाहिलंत का? 'जुलै'च्या पुढे एक रिकामी जागा आहे, मग चिन्ह बंद होतंय. नोंद टाइप करणाऱ्याच्या हातून स्पेस बार एकदा जास्त दाबला गेला होता. तुम्हाला-आम्हाला दोन्ही 'जुलै' एकच दिसतात. साध्या प्रिंटनेही फरक दिसत नाही, कारण रिकामी जागा कागदावर रिकामीच असते. पायथॉनच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द. महिना 'जुलै' असेल तर वाढ लाव, असं आम्ही लिहिलेलं. या अकरा जणांचा महिना 'जुलै' नव्हताच. म्हणून वाढ नाही आणि फरक शून्य.

मग आदल्या दिवशी या अकरा जणांना वाढ मिळालीच कशी? हेही आठवलं, आणि खरं म्हणजे लाज वाटली. आदल्या दिवशीही हे अकरा जण सुटले होते. ते लक्षात आल्यावर आम्ही एका वेगळ्या चौकटीत एक ओळ लिहून जास्तीच्या जागा काढून टाकल्या होत्या, ती चौकट खोडली होती आणि पुढे गेलो होतो. ती ओळ फाइलमध्ये लिहिलीच नाही. दुरुस्ती फक्त सेशनच्या डोक्यात होती. पाटी पुसली तशी तीही गेली.

म्हणजे पाहा, एकाच यादीत दोन चुका होत्या. एक वाढ फाइलमध्ये नसताना सेशनमध्ये राहिली. एक दुरुस्ती सेशनमध्ये असताना फाइलमध्ये नव्हती. पाटी पुसली नसती तर बाईंना १४,६१६ गेले असते. नुसती पाटी पुसून, शोध न घेता यादी पाठवली असती तर शून्य गेलं असतं. खरे ७,२०० यायला दोन्ही कामं करावी लागली.

इलाज दोन ओळींचा होता. जास्तीच्या जागा काढायला पायथॉनमध्ये 'स्ट्रिप' आहे. ती ओळ फाइलमध्ये वाचनाच्या लगेच नंतर घातली. दुसरं, मूळ = मूळ * १.०३ असं न लिहिता नवे_मूळ = मूळ * १.०३ असं लिहिलं. आता ती ओळ दहा वेळा चालवा, उत्तर तेच येणार, कारण जुनं मूळ तसंच राहतं. मुलांनो, ही सवय आजपासून लावून घ्या. जुन्या नावावरच नवी किंमत लिहू नका.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. साध्या पायथॉनमध्ये एक्झिट लिहून, पुढे रिकामा कंस देऊन बाहेर पडा आणि पुन्हा सुरू करा, की नवी पाटी. पायथॉनबरोबर येणाऱ्या आयडलमध्ये एफ ५ दाबून फाइल चालवली की ते स्वतःच आधी सेशन नवं करतं. एखादंच नाव पुसायचं असेल तर 'डेल' आहे. आमच्या एका भाच्याने यादीला 'लिस्ट' असं नाव दिलं आणि मग पायथॉनचं स्वतःचं लिस्ट चालेना. 'डेल लिस्ट' म्हटल्यावर ते परत आलं. ज्युपिटरमध्ये टक्क्याची खूण देऊन 'रीसेट' लिहिलं की तुमची नावं जातात. पण हे सगळे अर्धे उपाय. इम्पोर्ट केलेली मॉड्यूल्स आतच राहतात. तुम्ही मॉड्यूलची फाइल बदलली आणि पुन्हा इम्पोर्ट लिहिलं, तरी पायथॉन जुनीच प्रत देतं, कारण ती त्याने एकदा वाचून ठेवलेली असते. म्हणून महत्त्वाच्या कामाला पूर्ण रीस्टार्टच बरा.

कुणी म्हणेल, मोठी फाइल वाचायलाच वीस मिनिटं जातात, सारखं रीस्टार्ट कसं करणार? अडचण खरी आहे. त्यासाठी शिकताना आणि शोधताना शंभर ओळींची लहान फाइल घ्या. मोठ्या कामाचे टप्पे पाडा आणि प्रत्येक टप्प्याचं फळ डिस्कवर फाइलमध्ये ठेवा. पुढचा टप्पा तिथून वाचेल. आणि काम झालं की ब्रेकपॉइंटची ओळ काढायला विसरू नका. नाहीतर रात्री आपोआप चालायला लावलेला कार्यक्रम तुमच्या 'सी'ची वाट पाहत सकाळपर्यंत तिथेच उभा राहील.

आता आपल्या बाप्पांकडे पाहा. आपण दरवर्षी मातीची नवी मूर्ती आणतो, प्राणप्रतिष्ठा करतो, दहा दिवस मनोभावे पूजा करतो आणि अनंत चतुर्दशीला उत्तरपूजा करून विसर्जन करतो. निरोप देताना डोळ्यांत पाणी येतं, पण मूर्ती ठेवून घ्यावी असं आपण म्हणत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा सगळं पहिल्यापासून होतं, कारण विधी आपल्याला ठाऊक आहे आणि घराघरांतल्या जुन्या पोथ्यांत तो लिहून ठेवलाय. आमच्या कामात विधी म्हणजे स्क्रिप्ट. ती नीट लिहिलेली असेल तर विसर्जनाची भीती कशाला? भीती वाटत असेल, तर समजा की विधीतलं काहीतरी कागदावर यायचं राहिलंय.

आमच्या टेबलावर आता एक पुठ्ठा लावलाय. त्यावर तीन ओळी आहेत. हाताने केलेली दुरुस्ती त्याच क्षणी फाइलमध्ये लिहा. यादी छापण्याआधी पाटी पुसा आणि वरून खाली चालवा. आणि यादीतली कोणतीही तीन नावं घेऊन कागदावर हिशेब करा.

तिसरी ओळ त्या बाईंकडून शिकलो. त्या दिवशी संध्याकाळी नवी यादी निघाली. त्यांनी पुन्हा ती लग्नपत्रिका काढली, आपल्या आकड्यावर बोट ठेवलं, आमच्या आकड्यावर ठेवलं, आणि मग पत्रिका घडी करून पिशवीत टाकली. बोलल्या काहीच नाहीत. चहाचा कप मात्र त्यांनी स्वतः उचलून बाहेर नेऊन ठेवला. आम्ही नको नको म्हणत राहिलो.

ज्यांना हे सगळं हाताने करून पाहायचंय, त्या मुलांनी आरतीनंतर आम्हाला जरूर भेटावं. लॅपटॉप आणलाय, आणि त्यात चुका आधीच घालून ठेवल्यात. शोधायच्या मात्र तुम्ही.